चौकटीचं माप

यंग्सटाउनात, बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या
फाटकापासून तिसऱ्या गल्लीत
मी चौकटी करतो.
मे महिना सरता सरता लोक कागद घेऊन येतात,
कुणी नळकांड्यात गुंडाळून,
कुणी पिझ्झाच्या खोक्यात सपाट निजवून.

लुसील याव्होर्स्कीच्या लेकीची दोन वर्षांची असोसिएट
माझ्या दोन तळव्यांत मावते.
"ही अर्धीच ना?" लुसील हळूच विचारते.
अर्धी कशी, बाई?
खाली सही आहे, शिक्का आहे,
दंतवैद्याकडे लोकांचे दात साफ करायची नोकरी आहे.
अर्ध्या पावानं पोट अर्धं भरतं.
हिच्यावर घराचा हप्ता पुरता फिटतो.

बॅचलर येते चार वर्षांची, एकशेवीस क्रेडिटांची,
जाड, पिवळसर, लॅटिनमध्ये काहीबाही पुटपुटणारी.
आई रंग निवडते, बाप पैसे मोजतो,
पोरगं दाराशी मोबाइलमध्ये.
मास्टर्सवाले मात्र एकटे येतात,
दुसरेपणाच्या लग्नासारखे,
गाजावाजा नको म्हणत.

डॉक्टरेट सगळ्यांत रुंद.
एक टाकून गेलेत गृहस्थ, नऊ वर्षं झाली.
मागच्या भिंतीला टेकून उभी आहे, काच लावून, तयार.
फोन केला की म्हणतात, पुढच्या महिन्यात नेतो.
विमा विकतात आता.
धूळ मीच पुसतो.

सन्मानाचीही एक आली होती, बँकेच्या अध्यक्षाची.
माप तेच, लाकूड महाग,
अभ्यास एवढाच
की टोपी वाऱ्यानं उडू द्यायची नाही.

आर्डेलिया प्रुइट, रात्रपाळीची नर्स,
तिनं मला खरा फरक शिकवला :
"डिग्री शिळी होत नाही रे. लायसन्स होतं."
दर दोन वर्षांनी नवं.
म्हणून तिच्या चौकटीला मागून बिजागरी,
खिडकीसारखी उघडते.

आणि वेल्डर ओटिस.
त्याचं सर्टिफिकेट पाकिटात, घामानं मऊ झालेलं.
सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर ते मरतं, म्हणाला.
चौकट करू?
"आणि मुकादमानं मागितलं तर काय
भिंत उचलून नेऊ पुलावर?"

गेल्या गुरुवारी निडिया कारास्कियो आली.
कागद पसरले काउंटरवर. गुणपत्रकं. तीन कॉलेजांची.
पहिलं बंद पडलं, तिथं आता सामान ठेवायचे गाळे मिळतात.
दुसऱ्यानं पहिल्याची निम्मी क्रेडिटं मानली नाहीत,
तिसऱ्यानं दुसऱ्याची.
सगळी मिळून त्र्याण्णव, तिच्या हिशेबानं.
सांख्यिकीत बी प्लस,
त्या सत्रात मुलगा झाला होता.
पेनानं तिथं बारीकशी रेघ.

"ह्यांना चौकट कर. तिन्ही, एकाच काचेखाली."

मी घुटमळलो.
म्हटलं, मागे बिजागरी ठेवतो,
उद्या खरी मिळाली की ही काढून...
"खरी कोणती?"

दुकानात माझा पंखा तेवढा बोलत होता.

अक्रोडाची पट्टी काढली,
बऱ्याच दिवसांची राखून ठेवलेली.
पाठ खिळ्यांनी बंद केली. अजून दोन मार, म्हणाली.

पैसे देताना तिची नजर भिंतीवरून फिरली :
"आणि तुझं कुठाय?"
मी खिळ्याकडे बोट केलं.
लाकडाचा एक सुटा कोपरा टांगलाय तिथं,
दोन तुकडे, एकोणिसशे एकाहत्तर सालचे.
अकरा मोडल्यावर बारावा,
ज्याच्याकडे बघून मामा काहीच बोलला नव्हता.

तिनं तो काढून घेतला,
नखानं दोनदा चाचपला,
उजेडाकडे धरला.
सांधा काही तिला सापडेना.